पळायला सुरुवात करायची आहे, पण चौथ्या दिवशी नडगी धरते

खडीसाखर | ९ जून, रात्री १०.४०

नमस्कार. वय ४१, राहायला पुण्यात सिंहगड रस्त्याला. नोकरी बँकेत, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. गेल्या दोन वर्षांत तीनदा पळायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत बंद पडलं. दर वेळी घडतं तेच. पहिल्या दिवशी सोसायटीच्या फाटकातून पळत सुटते, पाचव्या मिनिटाला धाप लागते, घशाला कोरड पडते, दोन मिनिटं उभी राहते, पुन्हा पळते. दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं असतं तरी जाते. चौथ्या दिवशी नडगी अशी धरते की जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. मग आठ दिवस विश्रांती, मग पाऊस, मग मुलीची परीक्षा.

या वेळी आधी विचारायचं आणि मगच निघायचं असं ठरवलंय. रोज पळायचं की दिवसाआड? बूट कसले घ्यायचे? सकाळी ६.४० ला डबा तयार लागतो, त्यामुळे माझ्या हातात ५.१५ ते ६ एवढाच वेळ आहे. तेवढ्यात काही साधतं का?

वजनासाठी करत नाहीये. पासष्टीत आईला एक मजला चढवेना, ते मी रोज बघत होते. माझे पाय तसे होऊ द्यायचे नाहीत, एवढंच मनात आहे.

पायवाट | ९ जून, रात्री ११.१५

पाचव्या मिनिटाला धाप लागते कारण तुम्ही फार जोरात पळताय. मी ३८ व्या वर्षी सुरुवात केली तेव्हा मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एवढं एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. दर आकड्याला श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, तरी जमेना तर चाला. सुरुवातीला हा वेग इतका कमी असतो की शेजारून झपझप चालणारे आजोबा पुढे निघून जातात. जाऊ द्या त्यांना.

आता वेळापत्रक. जॉश क्लार्क या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत, नावाचा नऊ आठवड्यांचा क्रम बसवला. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने तो उचलला आणि त्याचं फुकट ॲपही काढलं. आठवड्यातून तीनच दिवस पळायचं, मध्ये निदान एक दिवस सुट्टी. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं असं आळीपाळीने २० मिनिटं, शेवटी पाच मिनिटं सावकाश चाल. अर्ध्या तासात सगळं आटोपतं. तोंड धुणं, बुटाच्या नाड्या बांधणं धरूनही तुमच्या पाऊण तासात बसेल.

दुसऱ्या आठवड्यात ९० सेकंद पळणं आणि दोन मिनिटं चालणं. तिसऱ्यात तीन मिनिटांचे तुकडे येतात, चौथ्यात पाच मिनिटांचे. पाचव्याच्या शेवटच्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं आहेत आणि तिथे पुष्कळ जण अडखळतात. तुम्ही तिथवर पोचलात की त्यावर बोलू. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. मी चौथा आठवडा तीनदा केला.

मध्ये चालावं लागलं म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून १०,००० मीटर धावला होता. पुढे त्याने सामान्य लोकांना शिकवलं ते पळणं-चालणं-पळणं हेच. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, लोक या रीतीने पुरी करतात.

सांधेजोड | १० जून, सकाळी ७.०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नडगीबद्दल लिहितो, कारण चौथ्या दिवशी नडगी धरलेली माणसं माझ्याकडे दर पावसाळ्याच्या तोंडावर येतात.

नियमाने पळायला लागलं की दम काही आठवड्यांत वाढतो. हृदय आणि रक्ताभिसरण लवकर जुळवून घेतात, स्नायू त्यांच्या मागून येतात. हाडांना आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात. त्यामुळे ‘दम आहे ना, मग पळा अजून’ हा हिशेब नवशिक्याचा घात करतो. छाती हो म्हणते तेव्हा नडगीचं हाड अजून तयार नसतं. दिवसाआड पळायचं ते याचसाठी. हाड घट्ट होतं ते सुट्टीच्या दिवशी.

नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल, सुरुवातीला दुखून पळता पळता कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट. चार-सहा दिवस पळणं थांबवून चालणं ठेवा, दुखतं तिथे दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, आणि पोटऱ्या मजबूत करा. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, सावकाश, पंधरा वेळा, तीन खेपा. पण एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. तिथे घरगुती उपाय नकोत, दाखवून घ्या.

आणखी दोन गोष्टी. चाळिशी उलटली आहे, तेव्हा घरात कुणाला हृदयविकार असेल किंवा तुम्हाला रक्तदाब, साखर असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. पळताना छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर जागच्या जागी थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. दुसरं, हिमोग्लोबिन तपासा. बायकांमध्ये ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात, आणि धाप लागण्याचं ते मोठं कारण असतं. आपल्याकडे कितीतरी बायका त्या थकव्याला आळस समजून स्वतःलाच बोल लावत राहतात. याचा मला फार त्रास होतो.

रानजाई | १० जून, दुपारी १.३०

बुटांचं मी सांगते. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. ज्या मोज्यांवर पळणार तेच घालून जा. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे आणि टाच आत सरकता कामा नये. दुकानात चार पावलं पळून बघा, लाजू नका. अडीच-तीन हजारांत पळण्यापुरते चांगले बूट मिळतात. सुती मोजे पावसात ओले होऊन फोड आणतात, ते टाळा.

जे दुकानात कुणी सांगत नाही ते हे, की बुटांइतकीच चांगली स्पोर्ट्स ब्रा महत्त्वाची आहे. घट्ट बसणारी, रुंद पट्ट्यांची. मी दोन वर्षं साध्या ब्रावर पळत राहिले आणि खांदे-पाठ का दुखते ते कळत नव्हतं. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत नको वाटलं तर नुसतं चाला. बरं वाटत असेल तर पळायला हरकत नसते.

नवा_गडी | १० जून, रात्री ९.२०

धागा चांगला आहे. मी २६ वर्षांचा, तीन आठवड्यांपासून रोज ५ किमी पळतोय. मित्राने सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. मीपण त्याच्याबरोबर जाऊ का? अजून अडीच महिने आहेत.

यवतेश्वर_चढण | १० जून, रात्री १०.५०

मी साताऱ्याचाच. २०१२ पासून ही शर्यत होते, आणि मी ती पळालोही आहे आणि रस्त्याकडेला उभं राहून लोकांना पाणीही दिलं आहे. त्या दोन्ही अनुभवांवरून सांगतो, या वर्षी येऊ नकोस.

२१ किलोमीटरची ही सपाट वाट नाही. अर्धी शर्यत यवतेश्वरच्या घाटाने वर जाते आणि उरलेली अर्धी त्याच घाटाने खाली येते. चढताना दम निघतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उताराचं कुणी बोलत नाही. दहा किलोमीटर उतारावर मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, आणि ज्याने तशी सवय केलेली नाही त्याच्या गुडघ्यांची शेवटच्या टप्प्यात काय अवस्था होते ते मी पाणी देताना पाहिलंय. तीन आठवडे रोज पळतोयस, यात ‘रोज’ हेच मला खटकतं. एक दिवस आड कर. तीन-चार महिने ५ वर रहा, मग १० किमीची एखादी शर्यत कर. साताऱ्याला पुढच्या वर्षी ये, घाटावर तुझ्याबरोबर सरावाला मी स्वतः येईन.

नवा_गडी | १० जून, रात्री ११.०२

पण मित्र तर तेवढ्याच सरावावर जातोय.

यवतेश्वर_चढण | १० जून, रात्री ११.१०

त्यालाही हेच सांग.

खडीसाखर | २६ जून, रात्री ९.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. हिमोग्लोबिन १०.४ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चालणं-पळणं चालू ठेवायला सांगितलं, फक्त चढावर नको म्हणाल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी ती इतकी वर्षं, जेव्हा जेव्हा दिली गेली, सकाळच्या चहाबरोबरच घेत आले. आता लिंबूपाण्याबरोबर घेते.

पहिला आठवडा दोनदा केला. पाढ्याच्या वेगाने पळाल्यावर नडगी दुखली नाही, एकदाही नाही. बारा दिवस मी फक्त हेच तपासत होते. साठ सेकंद म्हणजे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून दुसऱ्या फाटकापर्यंत. काल तिथे पोचले तेव्हा घड्याळाने अजून वाजवलं नव्हतं आणि मला थांबावंसं वाटलं नाही. तशीच पुढे गेले असते, पण पायवाटताईंचं आठवलं आणि चालले.

वेळेचा प्रश्न घरात बोलून सोडवला. मंगळवार, गुरुवारी डबा नवरा करतो, मी रात्री कणीक मळून आणि भाजी चिरून ठेवते. शनिवारी डबा नसतो. हे बोलायला मला दोन वर्षं लागली आणि ठरायला पाच मिनिटं.

पावसाचं काय करता? आज रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं.

पायवाट | २७ जून, सकाळी ६.५०

नुसत्या पावसात पळता येतं, विजा चमकत असतील तर नाही. शेवाळ धरलेली फरशी आणि पेव्हर ब्लॉक यांच्यापासून लांब रहा, पावसाळ्यात त्यावरून घसरूनच जास्त जण पडतात. पाणी साचलेल्या रस्त्यावर खड्डे आणि उघडी झाकणं दिसत नाहीत, तिथे मुळीच जायचं नाही. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. घरी आल्यावर बुटांचे आतले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. दुसऱ्या दिवशी सुकलेले मिळतात. उन्हात किंवा हीटरपाशी ठेवलेत तर तळ सुटतो.

माळरान | २९ जून, रात्री ८.३०

मी माण तालुक्यातला. इथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे साडेचारला रस्त्यावर असतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० च्या जागी ८००. मी सहा वर्षं गावातल्या मुलींचा सराव घेतोय. पैसे घेत नाही, माझी बहीण भरतीत दोन गुणांनी राहिली तेव्हापासून सुरू केलं.

ताई, तुमचं नडगीचं वाचलं आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरी आठवल्या. मी त्यांना रोज डांबरावर फुल्ल जोराने ८०० मीटर पळवायचो. महिन्याभरात सातपैकी चार जणींच्या नडग्या गेल्या. एकीची भरतीच हुकली. चूक माझी होती. आता आठवड्यातून एकच दिवस जोराचं पळणं, तीन दिवस सावकाश, तेही ओढ्याकडच्या मातीच्या वाटेवर. बोलत पळायचं हा नियम आहे. ज्या गप्प होतात त्यांना मी मागं बोलावतो. आणि वेळ सुधारली ती सावकाश पळायला लागल्यावर सुधारली. हे पालकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांना वाटायचं मास्तर पोरींना फिरायला नेतोय.

दुसरी अडचण कपड्यांची. पहिल्या वर्षी मुली पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला बांधून यायच्या. ट्रॅकपँट घालू द्या म्हणून घरोघरी जाऊन बोललो. एका आजीने विचारलं, पळून पळून पोरगी जाणार कुठं. तेव्हा आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं नाव सांगितलं. रिओत २०१६ ला ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. मोही कुठं ते आजीला माहीत होतं. तिथली पोरगी ऑलिंपिकला गेली म्हटल्यावर पुढचं बोलणं सोपं झालं. मुलं असली की आष्टीजवळच्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं सांगतो, बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. दुष्काळी भागातल्या पोरांना हे गावांसकट सांगावं लागतं.

खाण्यात आमच्याकडे काही वेगळं नसतं. पळायच्या आधी एक केळं किंवा दोन खजूर. आल्यावर ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाणे, जमलं तर अंडी. उपाशीपोटी जोराचा सराव मी कुणाला देत नाही.

शेवटचा_डबा | ३ जुलै, रात्री ११.४०

सगळं वाचतोय. मी डोंबिवलीत राहतो, सकाळी ७.१० ला घर सोडतो, रात्री साडेआठला परत. लोकलमध्ये दोन्ही वेळा उभं राहून. आल्यावर पळायची ताकद नसते, आणि पहाटे उठलो तर झोप पाच तासांची होते. अशा माणसाने काय करावं?

सांधेजोड | ४ जुलै, सकाळी ७.२०

झोप मोडून पळू नका. दुखापती तिथूनच सुरू होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगतात, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. भरभर चालणं मध्यम श्रमात मोडतं. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती, ती आता नाही. तुकडे जमेस धरा. संध्याकाळी डोंबिवलीच्या अलीकडच्या कोपर स्टेशनला उतरून घरी भरभर चालत गेलात तर आठवड्याचा बराच कोटा तिथेच भरेल. ऑफिसचे जिने चढा. रविवारी एक दिवस पहिल्या आठवड्याची फेरी आणि बुधवारी सुट्टी मिळाली तर दुसरी. दोन दिवसांनीही पाय तयार होतात, थोडे सावकाश.

शेवटचा_डबा | २१ जुलै, रात्री १०.१५

कोपरला उतरतोय. आठवड्यातून चार दिवस. पावसात छत्री घेऊन. पहिले काही दिवस ऑफिसची बॅग खांद्यावर रुतायची, ती आता पाठीवरची घेतली. आणखी एक झालं, घरी आल्यावर मी लेकाशी नीट बोलतो. आधी अर्धा तास कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही.

भाट्ये_किनारा | २२ जुलै, दुपारी ४.००

समुद्रकाठी राहणाऱ्यांसाठी थोडंसं. ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर पळा, कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात. किनारा पाण्याकडे कललेला असतो, त्यामुळे एकाच दिशेने लांब पळलं की एकच गुडघा दुखतो. जितकं जाल तितकंच परत या. मी रत्नागिरीत दोन महिने डाव्या गुडघ्याला तेल चोळत होतो, मग एका कोळ्याने पायाच्या ठशांकडे बोट करून हे दाखवलं.

संत्रानगरी | ३० जुलै, रात्री ९.१०

नागपूरहून. तुम्हा पुणेकरांना उन्हाळा अजून लांब आहे, पण लिहून ठेवते. मे महिन्यात इथे दुपारी पंचेचाळीसच्या आसपास पारा असतो आणि पहाटेही तिशीच्या आसपासच असतो. आम्ही सेमिनरी हिल्सला पावणेपाचला सुरू करतो आणि सहाच्या आत थांबतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस अंतर निम्मं करायचं आणि वेग विसरायचा. आपण किती पाणी गमावतो हे बघायचं असेल तर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. किलोभर कमी झालं तर जवळपास लिटरभर घाम गेला. घरच्या घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उगाच नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसू नका, त्याने रक्तातलं मीठ उतरतं.

अंगावर काटा येणं, डोकं हलकं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं की थांबा. सोबतचा माणूस भलतंच बोलायला लागला तर सावली, अंगावर गार पाणी आणि लगेच दवाखाना. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका काकांना आम्ही असं उचलून नेलंय. वेळेत पोचलो म्हणून ते आज आहेत.

थेम्सकाठी | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

मी रेडिंगला राहते, इंग्लंडमध्ये. इथे दर शनिवारी सकाळी नऊला पार्करन असतं. ५ किमी, फुकट, कुणीही यावं. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ ला १३ जणांनी सुरू केलं, आता कितीतरी देशांत आहे. मला भावलं ते एकच, प्रत्येक ठिकाणी एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या मागे चालतो. म्हणजे आलेल्यांपैकी शेवटचं कुणीच नसतं. नव्या देशात, बाळंतपणानंतर, मी पहिल्यांदा गेले तेव्हा सबंध वाट त्या स्वयंसेवक बाईंशी बोलत चालले. तीन महिने मी मागेच असायचे. आता महिन्यातून एकदा मागे चालायचं काम मीच मागून घेते.

पुण्यात टेकडीवर तुम्ही कुणी असं ठरवून मागे चालाल का?

पायवाट | १० ऑगस्ट, सकाळी ७.४०

मी चालेन. शनिवारी पावणेसहाला, तळजाईच्या फाटकापाशी. पुढच्या शनिवारपासून.

खडीसाखर | २८ ऑगस्ट, रात्री १०.००

चौथा आठवडा पुरा झाला होता आणि आता टाच धरली आहे. सकाळी पलंगावरून उतरून पहिली चार-पाच पावलं टाकताना सुई टोचल्यासारखं होतं, मग कमी होतं. रडू आलं खरं सांगायचं तर, कारण या वेळी मी घाई कुठेच केली नव्हती. गणपतीत दोन-तीन दिवस खूप उभं राहणं झालं, त्याने असेल का?

सांधेजोड | २८ ऑगस्ट, रात्री १०.३५

असू शकतं. तळपायाच्या पट्ट्याचं हे दुखणं पळणाऱ्यांप्रमाणेच उभं राहून काम करणाऱ्यांतही पुष्कळ दिसतं. घरात अनवाणी वावरता का? आपल्याकडे सगळेच फरशीवर अनवाणी असतात आणि स्वयंपाकघरात तासन्‌तास उभं राहतात. आजपासून घरात मऊ तळाच्या सपाता घाला, ओट्यापाशी तर नक्कीच. देवघरापुरत्या काढा.

उठल्याबरोबर पाय खाली टेकवू नका. बसल्या बसल्या चवड्याला टॉवेल अडकवून पाय स्वतःकडे ओढा, तीस सेकंद, तीनदा. पाण्याची बाटली गोठवून तिच्यावरून तळवा फिरवा. पोटऱ्यांचा पायरीवरचा व्यायाम चालूच ठेवा. दोन आठवडे पळणं बंद, चालणं दुखणार नाही इतपतच. घाई केली नव्हती म्हणूनच हे लवकर आवरेल.

रानजाई | २९ ऑगस्ट, सकाळी ११.००

मला हेच झालं होतं, सहा आठवडे लागले आणि पूर्ण गेलं. सपाता लगेच घ्या.

नवा_गडी | ३ सप्टेंबर, रात्री ९.५५

साताऱ्याला गेलो नाही. मित्र गेला, पुरीही केली, पण जिना उतरता येत नाहीये त्याला. मी सध्या दिवसाआड. यवतेश्वर_चढण, पुढच्या वर्षीच्या सरावाचं तुमचं बोलणं मी लक्षात ठेवलंय.

एक विचारायचं होतं. आमच्या रस्त्यावर पहाटे चार-पाच कुत्री मागे लागतात.

माळरान | ४ सप्टेंबर, सकाळी ६.१५

पळणं थांबव, हेच पहिलं. पळणाऱ्याच्या मागे ते येतातच. उभा रहा, पाठ फिरवू नको, डोळ्यात डोळे घालू नको, हात अंगाशी. मग सावकाश मागे सर आणि चालत निघ. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धू आणि त्याच दिवशी लस सुरू कर. नुसतं खरचटलं म्हणून सोडून देऊ नको.

खडीसाखर | ४ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

टाच बरी आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा उचललं. आज पाचव्याचा शेवटचा दिवस होता, सलग वीस मिनिटांचा. चौदाव्या मिनिटाला थांबले. पाय दुखत नव्हते, दमही होता, पण ‘अजून सहा मिनिटं’ असं मनात आलं आणि पायच उचलेनात. नवरात्राचे उपास आत्ताच संपलेत, त्याचाही भाग असेल. नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर मी फक्त चालले होते.

पायवाट | ४ ऑक्टोबर, सकाळी ८.००

म्हणाले होते ना, इथे अडतं. परवाच्या दिवशी आठ मिनिटं पळून पाच मिनिटं चालून पुन्हा आठ केली होती ना तुम्ही? मग सोळा मिनिटांचं पळणं तुमच्या पायांत आहे. मंगळवारी घड्याळ घरी ठेवा आणि सुरुवातीची पाच मिनिटं मुद्दाम नेहमीपेक्षाही हळू पळा. सगळे पहिल्या पाच मिनिटांत घाई करतात आणि ती उधारी शेवटी फेडतात. शनिवारी मी तुमच्याबरोबर पळते.

खडीसाखर | ११ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

झाली वीस मिनिटं. पायवाटताई सबंध वेळ त्यांच्या माहेरच्या विहिरीबद्दल बोलत होत्या, आणि मी उत्तरं देत होते.

खडीसाखर | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

आज सलग तीस मिनिटं. तळजाईवर, मातीच्या वाटेने, अंधार असताना सुरू करून उजाडल्यावर संपवलं. अंतर ३.६ किमी भरलं. नाव ‘पाच के’ असलं तरी अर्ध्या तासात पाच किलोमीटर माझ्या वेगाला होत नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही. हिमोग्लोबिन १२.१. नऊ आठवड्यांचं काम पाच महिन्यांत झालं.

आता पुढे काय करू? ऑफिसमधली मैत्रीण जानेवारीतल्या मुंबईच्या शर्यतीबद्दल विचारतेय, १० किमीच्या.

यवतेश्वर_चढण | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

अभिनंदन, मनापासून. जानेवारी फार जवळ आहे. महिनाभर ही तीस मिनिटंच ठेवा, तीन दिवस. मग फक्त शनिवारची फेरी पाच-पाच मिनिटांनी वाढवा. १० किमी पुढच्या पावसाळ्यानंतर आरामात होईल.

सांधेजोड | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

सहमत. पायरीवरचा व्यायाम सोडू नका, आणि सपाताही.

खडीसाखर | १५ नोव्हेंबर, रात्री ९.३०

ठीक, मैत्रिणीला ‘नाही’ म्हणून सांगितलं. तिलाच शनिवारी बोलावलंय, ती पहिल्या आठवड्यापासून सुरू करतेय. पायवाटताई २२ तारखेला गावी आहेत, त्यामुळे त्या शनिवारी मागे मी चालेन. पावणेसहाला फाटकापाशी, निळा टीशर्ट. टॉर्च आणा, सध्या सहा वाजेपर्यंत अंधार असतो.